ना जंतू ऐकत, ना आमच्या मॅडम

जिथं लोक डब्यात घालून लघवी, थुंकी आणि पू आणून देतात, तिथं किस्से न मागता गोळा होतात. लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यात तर आमच्या सरकारी दवाखान्याच्या लॅबमध्ये किस्से ठेवायला जागा उरली नव्हती! मी तिथं टेक्निशियन. प्रमुख होत्या सुनीता कांबळे मॅडम, मूळच्या भोकरच्या. आवाज मऊ, पण एकदा लिहिलेलं फिरवायच्या नाहीत.

आमचं काम सोपं करून सांगतो. काचेच्या बशीत पेशंटचे जंतू वाढवायचे आणि वर वेगवेगळ्या अँटिबायोटिकच्या टिकल्या ठेवायच्या. औषध चाललं तर टिकलीभोवती स्वच्छ गोल पडतो. नाही चाललं तर जंतू टिकलीला खेटून बसतात. मग रिपोर्टवर त्या औषधापुढं R, म्हणजे रेझिस्टंट.

*

एक एसटी ड्रायव्हर रिपोर्ट घेऊन गेले आणि लगेच पेढे घेऊन परत आले.

"मॅडम, समद्यापुढं R हाय! लई राइट आलं की!"

मॅडमनी हातातला पेढा खाली ठेवला.

"काका, हे मार्क तुमचे नाहीत. जंतूंचे आहेत."

*

उदगीरचे एक गृहस्थ ताप उतरला की गोळ्या बंद करायचे, चढला की पुन्हा मेडिकलवाल्याकडं. शेवटी आमच्याकडं आले ते रागातच.

"एकदा आमचा उदगीर जिल्हा होऊ द्या, मग लातूरची पायरी चढायचो न्हाई!"

"जरूर होऊ द्या," मॅडम म्हणाल्या. "पण तुमच्या पोटात जंतूंनी आधीच जिल्हा केलाय. हे एक औषध चालतंय. या वेळी कोर्स पुरा करा, म्हणजे तो मोडेल."

*

निलंग्याचे एक पोल्ट्रीवाले पिलांच्या पाण्यात रोज अँटिबायोटिकची कॅप्सूल फोडून टाकायचे.

"पिलं आजारी आहेत का?" मॅडमनी विचारलं.

"न्हाई, ठणठणीत हायती. आजारी पडू नये म्हणून देऊन राहिलो."

"मग तुम्हीही रोज सलाइन लावून फिरता का?"

गडी हसला, पण ओशाळून. जाताना दारातून विचारलं, "मॅडम, मग शेडची सफाई कशी ठेवायची तेवढं सांगता का?" मॅडमनी त्याला खुर्ची दिली आणि चहा मागवला.

*

मुखेडकडच्या गयाबाईचा किस्सा हसण्याचा नाही. टँकरभोवतीच्या झुंबडीत घागर पायावर पडली, जखम झाली. मेडिकलवाल्यानं सुट्या गोळ्या दिल्या. आज ही, उद्या ती. जखम चिघळली. आमच्या बशीत एकाच टिकलीभोवती गोल दिसला.

डॉक्टर म्हणाले, "पाय काढावा लागेल कदाचित."

गयाबाई खाटेवर उठून बसली. "पाय माझा हाय. ते एक औषध चालतंय म्हणता न्हवं? मग आधी त्याला कामाला लावा!"

इंजेक्शनं चालू झाली. मॅडम रोज वॉर्डात जाऊन जखम बघून यायच्या आणि आम्हाला काही सांगायच्या नाहीत. आम्ही त्यांचा चेहरा वाचायचो. बऱ्याच आठवड्यांनी गयाबाई लॅबच्या दारात उभी, दोन्ही पायांत नव्या चपला! मॅडम एवढंच म्हणाल्या, "चालून दाखवा." आणि बाई साऱ्या व्हरांड्यात चालली. त्या दिवशी मॅडमनी चष्मा पुसायला बराच वेळ घेतला.

*

मग तो टँकरवाला. एका कॉलनीतल्या बायकांनी त्याच्या टँकरचं पाणी तपासायला आणलं. निघाले गटारातले जंतू, आणि बहुतेक टिकल्यांना खेटून बसलेले! मॅडमनी लिहिलं, 'पिण्यास अयोग्य.'

आधी वरच्या साहेबांचा फोन आला. "कांबळे मॅडम, जरा सौम्य लिहा."

"सर, जंतू सौम्य नाहीत."

मग स्वतः टँकरवाला आला. पांढरे कपडे, मागं दोन माणसं. टेबलावर त्याच्याच पाण्याची उरलेली बाटली होती.

"बाई, माझं पाणी खराब? साऱ्या गल्लीला पाजून राहिलो मी!"

"म्हणूनच लिहिलंय."

"बघा मग!" म्हणत त्यानं बाटली उचलली.

"अहो, पिऊ नका!" मॅडम ओरडल्या, उठून हात धरायला गेल्या. पण त्यानं घटाघटा बाटली रिकामी केली, मिशी पुसली आणि छाती काढून म्हणाला,

"हं! आता लिवा, पाणी चांगलं हाय!"

मॅडम खाली बसल्या. ड्रॉवरमधून शौच तपासणीचा डबा काढला, त्यावर त्याचं नाव घातलं आणि डबा त्याच्यासमोर ठेवला.

"लिहिते की. परवा सकाळी एवढा भरून आणा."