एका हुकमाचे दोन मालक

नेत्यानं खांद्यावर हात ठेवून "कामाला लाग" म्हटलं, तर त्याचा नेमका अर्थ काय होतो, सांगाल?

माझा मामा फौजेतून निवृत्त झालेला सुभेदार. त्याला तो हुकूम वाटला. झेडपीचं तिकीट मिळालंच असं धरून तो दुसऱ्या सकाळपासून मोटारसायकलवर गावोगाव फिरू लागला. पत्रक मी लिहिलं. तासगावच्या एका छापखान्यात मी डीटीपी करायचे, तिथंच छापलं; वाटायचं मात्र पक्षाच्या तिकिटासाठीच्या मुलाखतींच्या दिवशी.

आठवड्यात त्याच पक्षाचा दुसरा इच्छुक छापखान्यात आला. बेदाण्याच्या शेडचा मालक, मामाचा शाळेपासूनचा दोस्त.

"पोरी, झकास लिही. सायबांनी खांद्यावर हात ठिवून सांगितलंय, कामाला लाग."

"कुठल्या खांद्यावर?"

"डाव्या. का गं?"

मामाचा उजवा होता. साहेब दोन्ही हातांनी काम करत होते.

मामाचं नाव न काढता मी त्याचंही पत्रक लिहिलं. गिऱ्हाइकाचं गुपित फोडायचं नाही, हे तत्त्व आहे, असं स्वतःला बजावलं. तत्त्वं माझ्याकडे ढीगभर होती. त्या दिवशी नेमकं सोयीचं उचललं.

मुलाखतींना दोघंही आपापली माणसं घेऊन मंगल कार्यालयात आले. पत्रकं वाटली गेली. दोन्हींवर तीच ओळ, 'साहेबांच्या आदेशानुसार'. मामा आधी हसला.

"गड्या, माझा सायेब तुझ्या कागदावर कसा?"

"तुझा? आरं, तू रिटायर झालास. आता तरी हुकूम ऐकायचं सोड की!"

"आन् तू बेदाणं वाळव जा!"

मागून कुणीतरी मामाला पेन्शनखाऊ म्हणालं आणि खुर्च्या उडाल्या. दोस्तानं उगारलेली खुर्ची मामाच्या कानावर बसली. आत शिरा खात असलेले साहेब बाहेर येऊन म्हणाले, "कार्यकर्त्यांत उत्साह आहे." तिकीट तिसऱ्यालाच गेलं. तो त्याच सकाळी पक्षात आला होता.

लोक म्हणतात, पोरं दारू पिऊन दंगा करतात. तिथं चहाशिवाय कुणी काही प्यायलं नव्हतं. एकच शब्द प्रत्येकाला एकटं गाठून दिला, की दारूची गरज उरत नाही.

मामाला आता त्या कानानं ऐकू येत नाही. दोस्त दोनदा माफी मागायला आला; मामानं दार उघडलं नाही. शेवटी मी मामाला सांगितलं, की मला आधीच माहीत होतं.

"मग बोलली का न्हाईस गं?"

मी तत्त्वाचं सांगू लागले, तर त्यानं ऐकू न येणारा कान माझ्याकडं केला.

तुमच्या गावातही इच्छुक फिरत असतील. कुणाकुणाला शब्द मिळालाय, हे तुम्हाला कळलं, तर त्याच दिवशी सगळ्यांना सांगा. मग त्या सगळ्यांना एकाच जीपमध्ये बसवून साहेबांकडं न्या, आणि सगळ्यांसमोर एक नाव घ्यायला लावा.