प्रुफातली चूक

अमेरिकेत, श्रूजबरीला आमच्या गराजमध्ये नात टाउन मीटिंगसाठी, म्हणजे इथल्या गावसभेसाठी, पत्रकं छापत होती. शाईचा वास आला आणि मी थेट पुण्यात, आणीबाणीत, दामूकाकांच्या छापखान्यात पोचलो.

तेव्हा मी लॉच्या पहिल्या वर्षाला होतो, म्हणजे कायदा फक्त मलाच कळत होता. सरकारविरुद्धच्या आमच्या पत्रकात मला एक चूक सापडली: खाली मुद्रकाचं नावच नव्हतं. ते छापलंच पाहिजे, असा इंग्रजांच्या वेळचा कायदा. दामूकाका चहाला गेले तेवढ्यात मी अक्षरांचे खिळे जुळवून त्यांचं नाव, पत्ता बसवला. प्रूफ आधीच वाचलेलं, म्हणून त्यांनी पुन्हा न बघता छापलं. मी शाबासकीची वाट बघत राहिलो.

तिसऱ्या दिवशी फौजदार आला, तेच पत्रक घेऊन.

"पत्ता छान छापलात. शोधावं लागलं नाही. प्रूफ कुणी तपासलं?"

दामूकाकांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. "मीच."

त्यांना नेलं, छापखान्याला सील ठोकलं. नाव छापलं नाही तर गुन्हा, छापलं तर दारात फौजदार. हा सापळा लावणारा गोरा साहेब गेला आणि आपल्याच लोकांनी तो तेलपाणी करून वापरला, याचा राग अजून जात नाही. त्या "मीच"नंतर मी गप्प उभा राहिलो, त्याचा तर मुळीच जात नाही.

"आजोबा, प्रूफरीड करा ना," नात म्हणाली. "एनिथिंग मिसिंग?"

पत्रकाखाली कुणाचंच नाव नव्हतं.

"काही राहिलेलं नाही," मी म्हटलं.