वाशीला जाऊन आलेली कडावची भेंडी

मंडळी, मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. महागाईची कारणं मुलांकडून घोकून घेतो. आज सकाळी कर्जतच्या बाजारात मला एक नवंच कारण कळलं.

भेंडीचा भाव ऐकून मी नेहमीच्या भाजीवाल्या मावशींना म्हणालो, "अहो, ही इथं जवळच तुमच्या कडावात पिकते ना? मग एवढी महाग कशी?"

"कडावचीच हाय, सर. पन टेंपोनं पार मुंबईकडं वाशीच्या मार्केटला जाते, तितनं मी दलालाकडून परत आनते. दोन येळचं भाडं, वर हमाली."

"पिकवतं कोण?"

"माजा दीर. घराला घर लागून हाय."

"मग त्याच्याकडूनच घ्या की!"

"बांधावरनं भांडान झालंय. आमी बोलत नाय."

मला राहवेना. नंबर घेऊन तिथूनच दिराला फोन लावला.

"देतो की, सर," तो म्हणाला. "पन वयनीनं आदी बोलावं."

मावशी म्हणाल्या, "त्यानं आदी बोलावं."

दहा मिनिटं निरोप पोचवून मी दमलो आणि त्याच भावानं पावशेर भेंडी घेऊन घरी आलो.

कडावात या दोघांची समजूत घालेल असं तुमच्या ओळखीचं कुणी आहे का?