कव्हराखालची मशीन

बारामतीजवळच्या एका खासगी आयटीआयत मी टर्नर, म्हणजे लेथवर लोखंड कातणारे कारागीर घडवले. घडवले म्हणतो, कारण पहिला महिनाभर पोरांच्या हातात फक्त कानस असायची. लोखंडाचा तुकडा घासायचा, काटकोन तपासायला त्याला गुण्या लावायचा आणि उजेडात धरायचा. फटीतून उजेड दिसला की मी खेकसायचो, "डोळे काय घरी ठेवून आलास व्हय रं?" तळहाताला फोड यायचे, कपड्यांचा तेलकट वास धुतला तरी जायचा नाही. पण काय सुख होतं त्यात! अजून आठवलं की हात शिवशिवतात.

मग सीएनसी मशीन आली. आकडे भरायचे, बटण दाबायचं, की ही बाई आपलं आपण लोखंड कापणार! मी तिच्यावर प्लॅस्टिकचं कव्हर घातलं आणि खोलीला कुलूप ठोकलं. खंडेनवमीला तेवढं उघडायचं. हळदकुंकू, झेंडूचा हार, नारळ, पेढे आणि परत कुलूप. कुणी हात लावू का विचारलं, की माझं ठरलेलं उत्तर, "बिघडली तर तुझा बाप दुरुस्त करणार हाय का?"

त्या वर्षी वर्गात एकच मुलगी होती, अंथुर्णे गावची. नोकरी लागली नाही तर दिवाळीनंतर लग्न, असं तिच्या घरी ठरलेलं. कानशीवर तिचा हात असा बसलेला, की मीसुद्धा बघत राहायचो. औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात तिची मुलाखत लागली. मी ऐटीत सोबत गेलो. तिथल्या साहेबांनी तिला सीएनसीपुढं उभं केलं आणि म्हणाले, "चालव."

तिनं मशीनकडं पाहिलं. मग हळूच म्हणाली, "सायेब, आमी हिची पूजा केलीय. हात न्हाय लावला कधी."

साहेब हसले असते तर बरं झालं असतं. ते माझ्याकडं वळले. "सर, आमचा माल परदेशात जातो. आमची टक्कर चीनशी, कोरियाशी आहे. तिकडची पोरं शाळेतच यावर हात बसवून येतात हो."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिची नोकरी हुकली ती हुकलीच.

परतीच्या एसटीनं पिंपळी गाव मागं टाकलं. मग ती म्हणाली, "सर, खरं सांगा. आमी बिघडवली असती का वो?"

"नाही गं," मी म्हणालो. "मलाच ती चालवता येत नव्हती."



"मग तसं सांगायचं की सर. आपण सगळी मिळून शिकलो असतो."