गोदाऊचा दगड

पुस्तक उघडण्याआधी नाना बूट काढायचे. ऐतिहासिक कादंबरी असेल तरच. वर्तमानपत्र ते बूट घालून वाचत, आणि कंपनीची नोटीस तर उभ्याउभ्याच. पण कॅन्टीनच्या टेबलावर कादंबरी आली की आधी टेबलाखाली खुडबुड व्हायची, ते जड सेफ्टी शूज शेजारीशेजारी लागायचे आणि मगच पान उलटलं जायचं.

चाकणच्या आमच्या कंपनीत सेफ्टी शूज काढणं म्हणजे मोठाच गुन्हा. एकदा सेफ्टी ऑफिसरने हटकलं, तर नाना शांतपणे म्हणाले, "साहेब, आत दरबार भरलाय. तुमी गेला असता का बूट घालून?" तो बिचारा जरा वेळ विचार करत उभा राहिला आणि "लवकर आटपा" म्हणून निघून गेला.

मी त्याच कंपनीत क्वालिटीला. मापाचं गेज लावल्याशिवाय आम्ही साधा नट पास करत नाही, मग तो सख्ख्या भावाने का केलेला असेना. मूळचा मी लातूरकडचा. मोशीत भाड्याने राहायला आलो आणि कंपनीच्या बसमध्ये नानांच्या शेजारची जागा मिळाली. ते मोशीच्याच जुन्या शेतकरी घरातले. जमिनी विकल्या गेल्या तसे घरातले बाकीचे जागांच्या धंद्यात शिरले. नाना मात्र प्रेसच्या मशीनवर उभे राहिले आणि उरलेल्या वेळात वाचत बसले.

बसमध्ये बसले की त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं, "काल काय झालं, ठावं हाय का?" हे 'काल' म्हणजे कुठल्या तरी लढाईतलं, शेकडो वर्षांपूर्वीचं. एक नवा ऑपरेटर सगळं ऐकून घाबरला आणि म्हणाला, "मग पोलीस आले का नाही?" बस हसली, पण नाना नाही हसले. "पोलीस कुठले? गोदाऊ एकलीच व्हती तिथं."

गोदाऊ ही नानांच्या सगळ्यात लाडक्या कादंबरीतली बाई. शत्रूची तुकडी येते आहे हे कळल्यावर तिने सगळा गाव नदीपार केला आणि स्वतः घाटावर लढत पडली. इंद्रायणीच्या वळणावर, चिंचेखाली तिची समाधी आहे, असं पुस्तकात शेवटी लिहिलेलं होतं. हे प्रकरण नानांनी आम्हाला बसमध्ये किती वेळा सांगितलं असेल देव जाणे. तळवड्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो की आम्हीच म्हणायचो, "नाना, गोदाऊचं होऊन जाऊ द्या." आणि दर वेळी घाटावर पोचल्यावर त्यांचा आवाज बसायचा.

आता नानांच्या राहिलेल्या रानात, नदीच्या वळणावर, चिंचेखाली खरंच एक दगड होता. झिजलेला, वर चंद्र-सूर्य कोरलेले, बाकी सगळा शेंदराने माखलेला. त्यांचे आजोबा त्याला म्हसोबा म्हणायचे आणि दर अवसेला नारळ फोडायचे. नानांनी कादंबरी वाचली आणि एका सकाळी तेलाचा हात फिरवत तो सगळा शेंदूर उतरवला. म्हातारी आई तेव्हा होती. ती म्हणाली, "आरं, म्हसोबा कोपंल." नाना म्हणाले, "म्हसोबा न्हाई आये हा. गोदाऊ हाय. माणूस हाय."

तुम्हीआम्ही लेखकावर जीव टाकतो म्हणजे काय करतो? फार तर सही घेतो. गोदाऊच्या लेखकाचं चिंचवडला व्याख्यान असलं की नाना रानातली वांगी पिशवीभर घेऊन जायचे. त्या लेखकाला ते 'आमचे साहेब' म्हणत. एकदा सहीच्या रांगेत त्यांनी साहेबांना सांगितलं, "बाईंची समाधी आमच्या रानात हाय." साहेबांनी मान वर केली, नानांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "भाग्यवान आहात. जपा."

जपा. या एका शब्दावर त्या माणसाची कितीतरी वर्षं गेली. आम्हालाही त्यांनी त्यात ओढलं. दसरा झाला की एका रविवारी कंपनीतली दहाबारा माणसं त्या चिंचेखाली जमायची, नाना पुस्तकातलं शेवटचं प्रकरण वाचायचे आणि मग पिठलं-भाकरी. माझ्या बायकोने गोदाऊची खणानारळाने ओटी भरली होती. परत येताना गाडीवर मागे बसून ती रडत होती आणि मला ते अजिबात विचित्र वाटलं नव्हतं.

पुढे व्हायचं तेच झालं. नानांच्या थोरल्या भावाने उरलेलं रान बिल्डरला द्यायचं ठरवलं. नानांनी हरकत घेतली नाही. घरात पोरं मोठी झाली होती, सगळ्यांच्या गरजा त्यांना दिसत होत्या. त्यांनी फक्त चिंचेचा कोपरा सोडायला सांगितलं. आणि बिल्डरला मेन गेट नेमकं तिथेच हवं होतं. भाऊ वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, "तुझे साहेब येणार हायेत ना चिंचवडला? त्यांनी चारचौघांत सांगू दे का ही बाईंची जागा. मी गेट हलवायला लावतो. आन् न्हाई म्हणले तर तू सही करायची." नाना लगेच कबूल झाले. त्यांना त्यात धोका दिसलाच नाही.

नाना, त्यांचा भाऊ आणि मी, असे तिघे गेलो. नाना इस्त्रीचा सदरा घालून, मांडीवर वांग्यांची पिशवी. साहेब सुंदर बोलले. बोलणारच, बोलण्यात ते कुणाला हार जाणारे नाहीत. शेवटी प्रश्नांची वेळ आली तशी नानांनी हात वर केला आणि माईक हातात आल्यावर उभे राहिले. "साहेब, गोदाऊबाईंची समाधी मोशीला इंद्रायणीच्या वळणावर हाय, येवढं आपण सगळ्यांम्होरं सांगावं."

साहेब हसले. प्रेमळच हसले, तेही सांगितलं पाहिजे. "पाहा," ते सभागृहाला म्हणाले, "वाचकाचं प्रेम असं असतं. अहो, गोदाऊ कुठल्याच बखरीत नाही. ती सर्वस्वी माझी निर्मिती. एका पहाटे ती आली आणि म्हणाली, मला लिही. पण तुम्हाला ती खरी वाटली, यापेक्षा मोठा पुरस्कार कोणता?"

टाळ्या पडल्या. माझ्या शेजारची बाई तर डोळे पुसत टाळ्या वाजवत होती. नाना माईक धरून उभेच होते. तो परत घ्यायला आलेल्या कार्यकर्त्याला त्यांच्या हातातून ओढून घ्यावा लागला.

तरीही ते सहीच्या रांगेत उभे राहिले. मी नको म्हणत होतो. नंबर आल्यावर म्हणाले, "साहेब, तुमी जपा म्हणला व्हता." साहेबांनी पेन उघडलं. "मी? असेन म्हणालो. सगळ्यांनाच म्हणतो हो, आपण जपायलाच हवं. नाव काय घालू?"

मला त्या माणसाचा अजून राग आहे. कादंबरीकाराने कल्पना करू नये असं मी कुठे म्हणतो? ती त्याची रोजीरोटी. त्याने हवी तेवढी माणसं जन्माला घालावीत आणि घाटावर मारावीत. पण वांगी घेताना, हात हातात धरून 'जपा' म्हणायला त्याला कोणी सांगितलं होतं? तेव्हाच हसून 'अहो, ती खोटी आहे' म्हणाला असता तर नानांनी आठवडाभर तोंड पाडलं असतं आणि पुन्हा शेंदूर लावला असता. आणि मी, नटाला गेज लावणारा, मीही कधी विचारलं नाही. छापलेलं होतं ना.

बाहेर पार्किंगमध्ये भाऊ गाडीपाशी थांबला. मग म्हणाला, "नाना, म्हसोबाच राहू दिला असतास तर म्या काय, बिल्डरच्या बापानं गेट वळवलं असतं. म्हसोबाला कोण इचारतंय खरा का खोटा? तूच म्हणलास, म्हसोबा न्हाई." नाना म्हणाले, "व्हय. मीच म्हणलो." वांग्यांची पिशवी त्यांच्या हातातच होती.

त्यांनी जमिनीच्या कागदावर सही केली. चिंच गेली. दगड कुठे गेला म्हणून मी साइटवर विचारायला गेलो, तर सुपरवायझर म्हणाला, भरावात गेला असेल. पण बिल्डरही वाचक निघाला. नाही तर भावाकडून सगळी हकिगत त्याच्या कानावर गेली असेल. सोसायटीला त्याने नाव दिलं 'गोदाऊ हाइट्स'. गेटवर फायबरची घोड्यावरची बाई बसवली, हातात तलवार, आणि खाली पाटी, 'या वीरभूमीत आपले स्वागत'. फ्लॅट पटापट गेले म्हणतात. पुस्तकात गोदाऊकडे घोडा नव्हता. ती पायीच लढली होती.

नानांनी त्यानंतर बसमध्ये काही सांगितलं नाही. तळवड्याला अडकलो तरी आम्हीही कोणी मागितलं नाही. सगळे मोबाइल बघत बसायचे.

मग ते रिटायर झाले. नानांना वाचनाची आवड आहे एवढीच माहिती एचआरकडे होती, म्हणून निरोप समारंभात शाल, नारळ आणि त्याच साहेबांची नवी जाडजूड कादंबरी. नानांनी ती दोन्ही हातांनी घेतली. बसमध्ये बसल्यावर कागद फाडला आणि पुस्तक उघडलं. मी खाली बघितलं. बूट पायातच होते.

अर्धं पान वाचून त्यांनी पुस्तक मिटलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. "तुमी वाचा. फकस्त रडायच्या आधी इचारून घ्या."

मला काहीतरी बोलायचं होतं. नाना, मीही रडलो होतो, माझी बायको रडली होती, ते तरी खोटं नव्हतं, असं काहीतरी. पण मोशी आली. आमचा ड्रायव्हर नवा होता, परभणीकडचा. नानांच्या या स्टॉपला आम्ही आधी 'चिंच' म्हणायचो, हे त्याला माहीत असायचं कारण नव्हतं. त्याने ब्रेक लावला आणि आरशातून मागे बघत ओरडला, "चला, गोदाऊचं कोण हाय का?"

बसमध्ये कोणी मान वर केली नाही. नानांनी शाल आणि नारळ उचलला, दांडीला धरून उभे राहिले आणि म्हणाले, "मी हाय."