धक्क्याला बांधलेली मोकळीक

नवरा पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाला आणि हार सुकायच्या आत त्याने शिडाची बोट विकत घेतली. जन्मभर लोकांना ‘पाणी येईल, धीर धरा’ असं सांगणारा माणूस पाण्यावरच राहायला निघाला, याचं खात्यात फार कौतुक झालं. बायकोला कुणी विचारलं नाही. ती एका दंतवैद्याकडे काउंटरवर बसायची. सुजल्या गालांच्या माणसांना गप्प बसवता बसवता तिलाही गप्प बसायची सवय लागली होती.

“एक वर्ष राहून तर बघू,” तो म्हणाला. फ्लॅट भाड्याने गेला, फर्निचर नातेवाइकांकडे गेलं आणि ही दोघं बोटीवर आली. धक्क्यावर त्याला सगळे कप्तान म्हणू लागले. ते ऐकून त्याने पांढरी टोपी घेतली.

बोटीवर सगळं होतं, फक्त प्रत्येक गोष्ट कशाच्या तरी खाली होती. लोणी ओट्याखाली, ओट्यावर स्टोव्ह, स्टोव्हवर चहा. म्हणजे लोणी हवं तर आधी चहा पिऊन संपवायचा. चादर हवी तर गादी उचलायची आणि गादी उचलायची तर तिच्यावर पसरलेल्या कप्तानांना उठवायचं. दार इतकं बुटकं की तिच्या कपाळावर टेंगूळ कायमचं वस्तीला आलं. उशांना बुरशीचा वास. संडासाला हाताने पंप मारावा लागे आणि त्या पंपाची घरघर शेजारपाजारच्या बोटींना ऐकू जाई. म्हणून कप्तान रोज सकाळी टॉवेल खांद्यावर टाकून ‘जरा पाय मोकळे करायला’ धक्क्यावरच्या सार्वजनिक संडासाकडे जात.

तिथून आले की घडीची खुर्ची टाकून बसत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, “कसलं बंधन नाही बघा. मनात आलं की निघायचं!”

बोट चार दोरांनी धक्क्याला बांधलेली होती. वीज धक्क्यावरून जाड पिवळ्या वायरीतून यायची आणि पाणी धक्क्यावरच्या नळातून. आल्यापासून बोट वीतभरही हलली नव्हती. पण तिथे कुणाचीच हलत नव्हती. शेजारच्या पोस्टमास्तरांनी तर डोलकाठीवर टोमॅटोचा वेल चढवला होता. तिथला एक अलिखित नियम होता, निघणार कधी हे कुणी कुणाला विचारायचं नाही. नवख्याने विचारलंच, तर आकाशाकडे बघून म्हणायचं, “वारा बघतोय.”

एक गोष्ट मात्र ती स्वतःशीही धड कबूल करत नव्हती. फ्लॅटमध्ये तो टीव्हीसमोर आणि ती स्वयंपाकघरात, दिवसाकाठी बोलणं व्हायचं ते दूध आणि लाइटबिलावर. इथे एकाने सरकल्याशिवाय दुसऱ्याला काही उघडताच येत नव्हतं, त्यामुळे बोलावंच लागे. सुरुवात भांडणाने व्हायची, पण कधीकधी शेवट हसण्यावर व्हायचा.

वर्ष संपत आलं आणि भाडेकरूने फ्लॅट विकत मागितला. रविवारपर्यंत उत्तर हवं होतं. कप्तान हरखले. “देऊन टाकू! नवी शिडं घेऊ!”

फ्लॅट दोघांच्या नावावर होता, तिची सही लागणार होती. घर हातचं घालवायची तिची मुळीच तयारी नव्हती. पण तोंडावर नाही म्हणायचं तर तो खेळणं काढून घेतलेल्या पोरासारखा बघणार, आणि ते तिला बघवणार नव्हतं. तिने थोरल्या नणंदेला बोलावून घेतलं. ही बाई आजवर कुठल्याही घरातून खोट काढल्याशिवाय परतली नव्हती. तिनेच धाकट्या भावाचे कान उपटले की काम झालं.

नणंद शनिवारी सकाळी आली आणि टेकताक्षणीच ताडकन उठली.

“बाळ्या, गादी ओली आहे.”

“दमट आहे, आक्का. समुद्राची हवा.”

“आणि हा वास?”

“तोही समुद्राचाच.”

बायकोने मान खाली घालून चहा गाळला. गाडी अगदी रुळावर होती. पण नणंद वर जाऊन उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, “बरं, मग निघायचं कधी?”

पोस्टमास्तरांच्या हातातली झारी तशीच थांबली.

“वारा बघतोय, आक्का.”

“बघायचाय काय त्यात? माझी छत्री दोनदा उलटी झाली!”

आता सुटका नव्हती. सगळा धक्का बघायला गोळा झाला. दोन दोर इतके चिकटले होते की भाजीच्या सुरीने कापावे लागले. इंजिन खोकलं, धूर ओकलं आणि चालू झालं. बोट ऐटीत पुढे गेली आणि दावणीच्या वासरासारखी हिसका देऊन थांबली.

“कप्तान, वायर! वायर!” पोस्टमास्तर ओरडले. बायकोने वाकून पिवळी वायर उपटली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

बाहेरच्या पाण्यात पोचताच वर्षभर जे जे कशाच्या तरी खाली होतं, ते सगळं एकदम वर आलं. कपबशा, चादरी, बटाटे, लोणी. नणंदेने बादलीला मिठी मारली. कप्तान शिडाच्या दोऱ्यांत गुरफटले होते.

“अगं, सुकाणू धर!”

“कुठे वळवू?”

“कुठेही वळवू नकोस! नुसतं धर!”

शीड फडफडलं आणि ताठ झालं. त्यांनी इंजिन बंद केलं. घरघर थांबली, बोट एका अंगावर कलली आणि नुसत्या वाऱ्यावर धावायला लागली. सुकाणूचं लाकूड तिच्या तळव्याला ओढत होतं. तिने जरा उलटं ओढलं, तर अख्खी बोट तिचं ऐकून वळली. आजवर तिच्या सांगण्यावरून इतकं मोठं काहीच वळलं नव्हतं.

बादलीतून नणंदेचा आवाज आला, “बाळ्या, मेल्या, हिचे काय हाल केलेस! आधी घर ताब्यात घे आणि परत जा!”

कप्तानांचा चेहरा पांढराफटक पडला होता. “खरंय आक्का,” ते घाईघाईने म्हणाले, “विकायबिकायचं काही नाही. भाडेकरूला आजच नाही म्हणून कळवतो. परत जाऊ आपण.”

घर वाचलं होतं, तेही तिने तोंड न उघडता. तिने सुस्कारा सोडला आणि मग तोंड उघडलं.

“सही मी करणारच नव्हते. घर आपलंच राहील.”

“तेच तर म्हणतोय मी!”

“पण भाडेकरूलाही राहू दे अजून वर्षभर. आणि आपण दर आठवड्याला असं बाहेर पडायचं. नुसतं बांधूनच राहायचं असेल, तर फ्लॅट काय वाईट होता?”

“दर आठवड्याला?” कप्तानांनी डोलकाठी धरली. “अगं, ऐक माझं. आता वळव.”

“त्या टेकडीच्या पलीकडे काय आहे हो?”

“मला काय ठाऊक!”

“मग बघून येऊ,” ती म्हणाली. “तुम्ही वन्संना पाणी द्या आणि आत जाऊन भांडी धरा.”