बर्फाआधी शेवगाव

बर्फावरून घसरत जाण्याचा खेळ शिकायला मी हिमालयात निघाले, त्या प्रवासाचा पहिला टप्पा शेवगाव होता. केडगावहून हिमालय उत्तरेला आणि शेवगाव पूर्वेला, एवढा भूगोल मलाही येत होता. पण शिबिरवाल्यांनी अपघाताचा विमा काढून या असं बजावलं होतं आणि शेवगावचा दत्तूमामा विम्याचा एजंट होता.

मी शाळेत खेळाची शिक्षिका. पाय कायमचा अधू झाला तर नोकरी जाणार, आणि आईच्या-माझ्या घरात पगार तेवढा एकच. नगरमधल्या एका एजंटाकडच्या विम्यात बर्फावरचे खेळ स्पष्ट लिहिलेले होते. पण आई ऐकेना. "सख्खा मामा असताना परक्याकडून घ्यायचा? मग जाऊच नकोस." तेव्हा मी मनाशी ठरवलं, की मामाच्या विम्यात बर्फ बसतो की नाही हे कळेपर्यंत त्याच्याकडे जेवायचं नाही. त्याच्या घरी पोटभर जेवून मग त्याला 'नको' म्हणायची माझी छाती नव्हती.

करंजीच्या घाटात एसटी तापली. सगळे खाली उतरलो. शेजारच्या बाईंनी विचारलं, "कुठं निगालीस गं?"

"विमा काढायला."

"अगं बया! कुनाला काय झालं?"

"अजून कुणाला काही नाही."

गाडी सुरू झाल्यावर बाई माझ्यापासून जरा सरकूनच बसल्या.

तिसगावनंतर दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती. शेवगावच्या स्टँडवर मामा सायकल घेऊन हजर होता. त्याने मला थेट शेतावर नेलं. तिथे आगटी (हुरडा भाजायचा गोवऱ्यांचा विस्तव) पेटलेली होती. त्याने गरम कणीस चोळून दाणे माझ्या हातावर ठेवले. हुरडा म्हणजे काही जेवण नव्हे, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि तिळाच्या चटणीबरोबर बराच खाल्ला.

घरी मामीने ताटं वाढूनच ठेवली होती. वांग्याचं भरीत, बाजरीची भाकरी, वर लोण्याचा गोळा. मी बसलेच नाही.

"मामा, आधी विम्याचा कागद वाचू."

"आदी जेव. कागद काय पळून चाललाय?"

"मी बर्फावर पडले तर पैसे मिळतील का?"

"अपघात म्हंजी अपघात. लई इचारतीस तू."

मामी पदराला हात पुसत म्हणाली, "वाचा की ओ. पोरगी उपाशी हाय."

मामाने चष्मा लावला. घोड्यांच्या शर्यती, शिकार, डोंगर चढणं, बर्फावरचे खेळ, यांत इजा झाल्यास भरपाई नाही. ती ओळ त्याने एकदा मोठ्याने वाचली आणि एकदा मनात. मला त्याची फार कीव आली, आणि आता तो चिडेल की काय अशी थोडी भीतीही वाटली.

"ह्यो तुझ्या कामाचा न्हाई," तो म्हणाला. "नगरवाल्याचाच घे. आक्काला मी सांगतो."

मग मी अशी जेवले, की मामीला पुन्हा तवा ठेवावा लागला.

दुसऱ्या दिवशी मामा माझ्याबरोबर नगरला आला. त्या एजंटासमोर बसून त्याने सरळ विचारलं, "पोरगी पडायलाच चाललीया. पाय मोडला तर डोंगरावरनं खाली कोन आननार? त्याचं पैसं देता का?"

एजंटाने कलम काढून दाखवलं. ते स्वतः वाचल्यावरच मामाने मान हलवली आणि साक्षीदार म्हणून सही केली.

बर्फाबद्दल थोडक्यात सांगते. तो पिठीसाखरेसारखा असतो आणि मी त्यावर रोज पडले. परतीच्या गाडीत विम्याचा कागद ट्रंकेत घडीसुद्धा न मोडता पडून होता. पैसे वाया गेले म्हणून हळहळायला हवं होतं, पण मला फार बरं वाटत होतं.

केडगावला पोचले तर ओट्यावर मामा.

"सकाळपासून आलाय," आई म्हणाली. "पाण्याशिवाय काही घेत नाही."

"मामा, काय तो बर्फ..."

"ते ऱ्हाऊ दे. आदी चालून दाव."

मी ट्रंक खाली ठेवली आणि दारापासून तुळशीपर्यंत जाऊन परत आले. तो माझ्या पायांकडे बघत होता. मग त्याने घराकडे तोंड करून हाक दिली,

"आक्का, वाढ आता."